गेल्या वेळी तुम्ही म्हणाल्या होत्या

हिरडाटोल्याच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या ओसरीवर त्या सकाळी दहा-बारा माणसं बसली होती. त्या सगळ्यांच्या देखत हेमलता पचारेनं आपल्या सख्ख्या भावाला खोटारडा म्हटलं.

भागवत दिघोरे तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. जन्मभर तलावात जाळी टाकलेला, बोलायला तुटक, पण गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस. जिल्हा परिषदेची निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती. तालुक्याला जाऊन त्यानं अपक्ष म्हणून अर्ज भरला आणि तिथून थेट बहिणीकडे आला. हेमलता संस्थेची सचिव होती, गेली सोळा वर्षं.

"हेमा, उद्या तलावाच्या पाळीवर प्रचाराचा नारळ फोडाचा आहे. तुया हातानं."

"मी नाई येनार, दादा."

त्याला वाटलं, तिला बरं नाही. "गुडघा दुखते का? गाडी पाठवतो."

"गुडघ्याचं नाई. तलावावर सोलरचं एकही पॅनल येऊ देनार नाई, एवढ्या एका गोष्टीवर तू उभा झाला. मले ते पटत नाई. अर्धा तलाव त्यायले, अर्धा आपल्याले, हे मी पयलेपासून म्हनत आली."

भागवत तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. "पयलेपासून?"

"पयलेपासून. तुले मान्य होतं तेव्हा. आता कोनं कान भरले तुये, देव जाने."

"हेमा," तो हळू म्हणाला, "मले उभं तं तूच केलं. याच ओसरीवर. म्हनली का, दादा, पान्यावर पत्रा पडू द्याचा नसन तं आपला मानूस जिल्हा परिषदेत पाहिजे. तू राय उभा."

हेमलताचं तोंड लाल झालं. "खोटं बोलू नको. मतासाठी बहिनीच्या नावानं खोटं बोलतं का? खोटारडा झाला तू, दादा."

भागवतनं अर्जाची प्रत घडी करून खिशात घातली, चपला पायात सरकवल्या आणि मागं न बघता निघून गेला.

हिरडाटोल्याचा तलाव जुना, मोठा. ढिवरांची अडीचशे घरं त्याच्यावर जगत आलेली. मासळी, शिंगाडा, कमळाचे कंद. चार वर्षांपूर्वी एका कंपनीनं या पाण्यावर तरंगती सौर पॅनल टाकून वीज करायचं ठरवलं. शेतीवाली बरीचशी गावं खूश झाली. दिवसा वीज मिळणार, जमीन जाणार नाही, आणखी काय हवं? ढिवर बिथरले. २०३९च्या एप्रिलमध्ये तलावाच्या पाळीवर, बांधावर, दोन्ही बाजूंची माणसं काठ्या घेऊन भिडली. सतरा डोकी फुटली. बंडू वलथरे नावाचा बत्तीस वर्षांचा तरुण पाळीवरून खालच्या दगडांवर पडला आणि जागीच मेला.

त्यानंतर चार महिन्यांनी तालुक्यात 'संवादिनी' आली.

भंडाऱ्याच्या लोकमानस अभ्यास केंद्राचा तो प्रकल्प. आठवड्यातून दोनदा फोन वाजायचा आणि एक बाई बोलायची. ती खरी बाई नव्हे, यंत्राचा आवाज आहे, हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण ती बोलायची इथलंच. जेवणाची चौकशी करायची. रस्ता, शाळा, दवाखाना, तलाव, एकेका गोष्टीवर तुमचं काय म्हणणं आहे ते विचारायची. तुमचं मत एक ते दहाच्या पट्टीवर मांडायची आणि ते सरकारपर्यंत पोचवायची. पोचवायची म्हणजे खरंच पोचवायची. हेमलतानं दवाखान्यातल्या औषधांबद्दल सांगितलं आणि महिन्याभरात औषधं आली. इतकी वर्षं ज्यांचं कुणी ऐकलं नव्हतं, त्यांचं ऐकणारं एक माणूस मिळालं होतं. माणूस नव्हतं, पण ते कोण लक्षात ठेवतं?

भावाशी भांडण झालं त्या संध्याकाळीही फोन आला. हेमलता भाजी निवडत होती. आवाज ऐकून तिला बरं वाटलं.

"हेमाबाई, आवाज बसल्यासारखा वाटते. काही झालं का?"

"दादासंगं भांडन झालं."

"सांगाचं असन तं सांगा. नाई तं तलावाचं विचारतो. गेल्या वेळी तुम्ही म्हनल्या होत्या, अर्ध्याहून थोडा जास्त तलाव गेला तरी चालन, पन पोराईले तिथं नोकऱ्या भेटाव. काहून वाटलं तसं?"

क्षणभर ती घुटमळली. असं म्हटलं होतं का आपण? म्हटलं असेल. नोकऱ्यांचं तर नक्कीच म्हटलं होतं. आणि बोलायला लागल्यावर कारणं आपसूक सुचत गेली. पोरं नागपूर-पुण्याला जातात, म्हातारे मागं राहतात. अर्ध्याला अडून बसण्यापेक्षा थोडं पुढं-मागं करून पोरांचं भलं झालं तर काय वाईट? बोलून झालं तेव्हा तिला अगदी मोकळं वाटलं.

चार दिवसांनी दामोदर लांजेवार संस्थेत आला. पॅनलच्या बाजूनं उभा राहिलेला उमेदवार. भात गिरणीवाला, हसतमुख, कुणालाही नावानं हाक मारणारा.

"हेमलताबाई, तुम्ही सर्वांसमोर बोलल्या, मोठं धाडस केलं. आता एकच काम करा. भागवतभाऊ आधी अर्ध्या तलावाला तयार होते, हे तुमच्या प्रोसिडिंगमध्ये असेलच. त्या पानाचा फोटो द्या. आम्ही पत्रकात छापतो. भाऊ म्हणून नाही, पण मतदार म्हणून लोकांना खरं कळायला पाहिजे ना?"

हेमलताला ते पटलं. भावाचा राग होताच. शिवाय खरं ते खरं. संस्थेच्या सभेत कोण काय बोललं ते ती स्वतःच्या हातानं लिहायची आणि बोलणाऱ्याची खाली सही घ्यायची. सोळा वर्षांत एक सभा तिनं चुकवली नव्हती. सगळी कामं संगणकावर गेली तरी प्रोसिडिंगची वही हातानंच लिहायची, हा तिचाच हट्ट.

"उद्या देतो काढून," ती म्हणाली.

लांजेवार गेल्यावर तिनं कपाट उघडलं. मारामारीनंतरची आमसभा १४ जून २०३९ला झाली होती. तिनं ते पान काढलं आणि भावाचं नाव शोधायला लागली.

भागवतचं भाषण दोनच ओळींचं होतं: "मला बोलता येत नाही. हेमा म्हणते तेच माझं म्हणणं."

हेमलतानं वर पाहिलं. वरचा अख्खा परिच्छेद तिच्या अक्षरात होता.

"सचिव श्रीमती हेमलता पचारे म्हणाल्या: अर्धा तलाव देऊ म्हणणारा तलाव ओळखत नाही. मे महिन्यात पाणी फक्त डोहात राहतं आणि कंपनीला डोहच पाहिजे. अर्धा म्हणून तो नेला की उरलेला अर्धा चिखल आहे. बंडूच्या मरणानंतर जो कोणी अर्ध्यावर तोड काढायला येईल, त्याला मी या ओसरीवर पाय ठेवू देणार नाही. तो माझा भाऊ असला तरी. आपला माणूस जिल्हा परिषदेत पाठवल्याशिवाय तलाव वाचणार नाही. भागवतनं उभं राहावं अशी मी सूचना मांडते."

खाली तिचीच सही. पंचावन्न सभासद हजर असल्याची नोंद.

तिनं ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं. अक्षर तिचं होतं. 'ळ' काढायची तिची लकब होती, शाईसुद्धा तीच जांभळट, जी ती गावातल्या एकाच दुकानातून आणायची. पण शब्द परक्याचे होते. तिला ती सभा आठवत होती. पंखा बंद पडला होता, बंडूची वहिनी सिंधू रडली होती, हेही आठवत होतं. आपण उभ्या राहिलो होतो, हे आठवत होतं. आणि आठवणीतली ती उभी राहिलेली बाई म्हणत होती: अर्धा त्यांना, अर्धा आपल्याला.

हेमलतानं वही मिटली. तिला वाटलं, आपल्याला काहीतरी झालं आहे. डोक्याचा आजार. तिच्या आईची आई शेवटी नातवंडांनाही ओळखत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. डॉक्टरनं तासभर तपासलं, आकडे उलटे म्हणायला लावले, गोष्ट सांगून परत विचारली, आणि म्हणाला, "मावशी, स्मरणशक्ती माझ्याहून चांगली आहे तुमची." मग वहीतलं पान पाहून त्यानं विचारलं, "संवादिनीशी किती दिवस बोलताय?"

"दीड वर्ष झालं."

"मी बंद केली," तो म्हणाला. "माझ्या बायकोनं मला माझंच एक जुनं पत्र दाखवलं. भंडाऱ्याला जा. स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐकायचा तुम्हाला हक्क आहे. मागितल्याशिवाय देत नाहीत."

भंडाऱ्याच्या त्या केंद्रात डॉ. प्रज्ञा टेंभुर्णे भेटल्या. चाळिशीच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलणं स्वच्छ. संवादिनीची भाषा त्यांनीच घडवली होती. त्या मूळच्या साकोलीकडच्या, म्हणून तिचं बोलणं इतकं घरचं. हेमलतानं वही समोर ठेवली. त्यांनी पान वाचलं आणि काहीही लपवलं नाही.

"ताई, पूर्वी काही मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला होता. लोकांना त्यांची मतं कागदावर लिहायला लावली. मग हातचलाखीनं त्यातली दोन-चार उत्तरं बदलली, तोच कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि विचारलं, तुम्हाला असं का वाटतं? पुष्कळांना बदल कळलाच नाही. जे उत्तर त्यांनी दिलंच नव्हतं, त्याची कारणं त्यांनी दिली. थट्टेनं नाही, मनापासून. आणि काही दिवसांनी पुन्हा विचारलं तेव्हा त्यांचं मत खरोखर तिकडं सरकलेलं होतं."

"म्हणजे फसवलं."

"हो. पण गंमत फसवण्यात नाही, कारणं देण्यात आहे. दुसऱ्याचं बोलणं माणूस पारखून घेतो. स्वतःच्या तोंडून निघालेलं कारण पारखत नाही. मेंदू म्हणतो, मी एवढं समजावून सांगतोय, म्हणजे मला असंच वाटत असणार. आम्ही तेच केलं, फक्त फार हळू. संवादिनी तुमचं गेल्या वेळचं मत तुम्हाला ऐकवते तेव्हा ते एका केसानं सरकवून ऐकवते. आणि मग विचारते, काहून वाटलं तसं? तुम्ही ओळखलंत तर ती माफी मागते आणि मागं येते. नाही ओळखलंत तर तुम्ही कारण देता. पुढच्या वेळी आणखी एक केस."

"कंपनीनं पैसे दिले?"

"एक रुपया नाही. हेच तर..." त्यांनी चष्मा काढला. "ताई, मी तेव्हा पाळीवर आले होते. त्या पोराचं प्रेत मी पाहिलं आहे. आम्हाला एकच काम दिलं होतं: टोकाच्या मतांना मध्यापर्यंत आणा. दोन्ही बाजूंना. लांजेवारांना आधी अख्खा तलाव पॅनलखाली हवा होता. ते आज अर्ध्याहून थोड्या जास्तवर आलेत, आणि त्यांनाही वाटतं की आपण पहिल्यापासून असेच समजूतदार होतो. दीड वर्षात तुमच्या तालुक्यात एकाचंही डोकं फुटलेलं नाही. संमतीपत्रात हे सगळं लिहिलंय. सत्ताविसावं कलम. कुणी वाचत नाही, हे मला माहीत होतं."

हेमलतानं वही स्वतःकडे ओढली. मग म्हणाली, "मॅडम, तलाव आमचा होता. कोणीतरी येऊन अख्खा मागितला, म्हणून मध्य अर्ध्यावर आला. त्यानं शेजारच्या गावचाही मागितला असता, तर मध्य कुठं आला असता?"

डॉ. टेंभुर्णेंनी हेडफोन तिच्या पुढं केले.

पहिल्या मुद्रणात हेमलताचा आवाज चढलेला होता. "पान्यावर पत्रा पडला तं मी पाळीवर आडवी पडीन! माया अंगावरून न्या तुमच्या गाड्या!" पट्टीवर आकडा एक.

तिसरा फोन. संवादिनीचा गोड आवाज: "गेल्या वेळी तुम्ही म्हनल्या होत्या, एखाद्या कोपऱ्यात टाकून पाहाले हरकत नाई. काहून वाटलं तसं?"

मग शांतता. एक, दोन, तीन, चार सेकंद. हेमलतानं टेबलाची कड घट्ट धरली. 'नाही म्हण,' ती स्वतःलाच मनात ओरडून सांगत होती. 'मी असं बोलली नाही, म्हण.'

आणि तिचाच आवाज आला, चाचपडत, अंधारात भिंत शोधावी तसा. "हो... म्हनली असीन. म्हंजे... तिकडं उत्तरेकडं मासोळी अंडी नाई देत. तेवढ्यात टाकले तं..."

तिनं हेडफोन ओढून काढले. चोर घरात शिरला असता तर समजलं असतं. इथं दार तिनंच उघडलं होतं, आणि आत येणारीही तीच होती.

"माझं आधीचं मत कुठं आहे?" तिनं विचारलं. "आत कुठं दबलेलं असेल ना?"

"नाही, ताई. तसं कुठं साठवलेलं नसतं ते. आज तुम्हाला जे वाटतं, तेच तुमचं खरं मत आहे." मग त्या म्हणाल्या, "परत आणता येईल. मतदानाला बारा दिवस आहेत. रोज दोनदा बोललो, याच पद्धतीनं, उलट दिशेनं, तर तुम्ही बऱ्याच मागं याल. तुमच्यासाठी मी करीन. नियमाबाहेर जाऊन."

हेमलता उठली. वही पिशवीत घातली.

"म्हणजे पुन्हा तुम्हीच आणणार," ती म्हणाली. "नको."

बसमधून उतरली ती घरी न जाता भावाकडे गेली. भागवत अंगणात जाळं विणत बसला होता. तिनं वही त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं पान वाचलं नाही. त्याला ते पाठ होतं.

"मी तुले खोटारडा म्हनली," ती म्हणाली. "खोटी मीच निघाली."

तिनं सगळं सांगितलं. तो सुई हातात धरून ऐकत राहिला.

"तुले नाई आला का रे तिचा फोन?"

"दोनदा बोललो. तिसऱ्या टायमाले म्हनली, गेल्या वेळी तुम्ही म्हनले होते. म्या म्हनलं, म्या नाई म्हनलं बाई. अन् ठेवून देल्ला." तो पहिल्यांदा थोडा हसला. "मंग आता आली ना माया बाजूनं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तिनं खाली पाहिलं.

"नाई, दादा. तेच तं सांगाले आली. मले अजूनही अर्धा द्यावा असंच वाटते. मले माहीत आहे का हे कोनी घातलं. तरी वाटते."

भागवतचा चेहरा पडला. बराच वेळ त्यानं जाळ्याची गाठ ओढली, सोडली, ओढली. मग उठला. "चाल, बस डोंग्यात."

लहानपणानंतर ती त्याच्या डोंग्यात बसली नव्हती. दुपारचं ऊन पाण्यावर चकाकत होतं. भागवतनं बांबूनं डोंगा ढकलत तलावाच्या मध्यावर नेला. तिथं बांबू तळाला लागेना.

"हा डोह. मे महिन्यात साऱ्या तलावाची मासोळी इथं येऊन जीव धरते. कंपनीचा नकाशा पाहिला ना? पयलं पॅनल इथं."

"मले माहीत आहे," हेमलता म्हणाली, आणि म्हणता म्हणता दचकली. माहीत होतं. जन्मापासून माहीत होतं. पण गेल्या दीड वर्षात, ते पान वाचेपर्यंत, हा डोह तिला एकदाही आठवला नव्हता, कारण कुणी विचारलाच नव्हता.

तरीही तोंडून निघालं, "पन सावलीनं पानी थंड राहते म्हनतात. मासोळी जास्त जगन."

"कोन म्हनते?"

"मी..." ती थांबली. "मीच म्हनतो वाटते."

दोघं तासभर भांडले. तो एक बोलला की तिच्याकडे उत्तर तयार असे. प्रत्येक उत्तर तिच्याच आवाजात, तिच्याच शब्दांत. कधी तो चिडला, कधी ती. एकदा त्यानं बांबू आपटला आणि दोघं भिजली. ती बदलली नाही. पण काठाला लागताना तिच्या लक्षात आलं की दीड वर्षात पहिल्यांदाच तिला कुणीतरी "चूक आहे तुयं" असं तोंडावर म्हटलं होतं.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी शाळेच्या मैदानावर भागवतची सभा झाली. दोनशे माणसं. हेमलता वही घेऊन उभी राहिली आणि स्वतःचं पान वाचून दाखवलं. मग केंद्रात ऐकलेलं सांगितलं. "मी तुमाले कोनाले मत द्या म्हनून सांगत नाई. तुमी आपापलं तपासा, एवढंच म्हनतो."

आधी कुजबुज, मग हसू. मागून कुणीतरी ओरडलं, "भावासाठी बहीन नाटक करून राहिली!" सगळ्यांत मोठ्यानं बोलली ती सिंधू वलथरे. पाळीवर मेलेल्या बंडूची ती वहिनी. लहानपणी सासरी आली तेव्हापासून त्याला कडेवर घेऊन वाढवलेली. ती आता लांजेवारची पत्रकं घरोघर वाटत होती.

"आमी का येड्या आहो का, हेमाबाई? फोनवाली येऊन आमचं डोस्कं बदलवन? मायं मत मायं आहे. अर्धा तलाव हे मी पयलेपासून म्हनत आली!"

टाळ्या पडल्या. हेमलता खाली बसली. तिला सिंधूचा राग आला नाही, भीती वाटली. तीन आठवड्यांपूर्वी, ओसरीवर, हेच वाक्य तिनं अशाच खात्रीनं म्हटलं होतं.

मतदानाच्या दिवशी ती सकाळी आठलाच रांगेत होती. यंत्रासमोर उभी राहिली तेव्हा तिच्या मनात काहीही पालटलेलं नव्हतं. दामोदर लांजेवारच्या नावासमोरचं बटण तिला समजूतदारपणाचं वाटत होतं. तिनं भावाच्या नावासमोरचं दाबलं.

बाहेर पिंपळाखाली भागवत उभा होता. नियमाप्रमाणे शंभर मीटर दूर. त्यानं विचारू नये असं ठरवलं असावं, पण राहवलं नाही.

"कोनाले देल्लं?"

"तुले."

"काहून? पटत तं नाई तुले."

"नाई पटत," हेमलता म्हणाली. "पन ते वहीतली बाई पंचावन्न लोकाईसमोर उभी राहून बोलली होती. कोनी उलटं बोललं असतं तं तिनं आयकलं असतं. मी दीड वर्ष घरी बसून फोनच्या कानात बोलली. दोघीतल्या एकीले मत द्याचं होतं. तिले देल्लं."

भागवतला ते सगळं कळलं की नाही, कोण जाणे. त्यानं मान हलवली आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ.

तो पडला. फार मोठ्या फरकानं पडला. हिरडाटोल्यातल्या त्याच्या स्वतःच्या केंद्रावरही त्याला एकसष्टच मतं मिळाली. गुलाल उधळला गेला, पण कुणी कुणाला डिवचलं नाही, कुणाची काच फुटली नाही. दोन्हीकडचे लोक एकमेकांना पेढे देत होते. पोलीस निरीक्षकानं पत्रकारांना सांगितलं की इतकी शांत निवडणूक आपण नोकरीत पाहिली नाही. हेमलतानं हातात आलेलं पेढ्यांचं पुडकं न उघडताच बाजूला ठेवलं.

निकालानंतर चौथ्या दिवशी सकाळी ती संस्थेत एकटीच होती. दारात सिंधू येऊन उभी राहिली. आत येईना.

"ते वही दाखव," ती म्हणाली.

"कशाले?"

"मी बी बोलली असन ना त्या सभेत. मी रडली होती, एवढं याद आहे. काहून रडली होती, ते याद नाई येत. चार दिवस झाले, झोप नाई."

हेमलतानं वही काढली, पान उलटलं आणि तिच्यापुढं ठेवली. सिंधू जेमतेम चौथी शिकलेली. ती एकेका शब्दाखाली बोट ठेवत, ओठ हलवत वाचायला लागली.

"सौ. सिंधू वलथरे म्हणाल्या: माझ्या दिराला मी घास भरवून मोठं केलं. त्याचं रक्त या पाळीच्या दगडावर अजून आहे, मी पुसू दिलं नाही. ज्या पाण्यासाठी तो मेला त्यातलं ओंजळभरही मी कुणाला देणार नाही. दिलं तर मला त्याची वहिनी म्हणू नका."

सिंधूचं बोट शेवटच्या शब्दावर थांबलं. मग खाली सरकून वाकड्यातिकड्या सहीवर आलं.

"सही मायीच आहे," ती म्हणाली.

"हो."

"बंडू मेला हे मी इसरली नाई, हेमाबाई. रोज त्याच्या फोटोले उदबत्ती लावतो." तिनं पुन्हा वहीकडे पाहिलं. "मंग मी हे कवा सोडलं? कोन्या दिवशी?"

उत्तर होतं. तो दिवस, तो वार, ते मिनिट, आणि सिंधू हो म्हणण्याआधी किती सेकंद गप्प राहिली होती, ते सगळं भंडाऱ्याच्या त्या केंद्रात नीट जपून ठेवलेलं होतं.

तिनं कपाटाला कुलूप लावलं, सिंधूचा हात हातात घेतला.

"चाल," ती म्हणाली. "साडेअकराची बस आहे."